जरा खायला घालून दाखवा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायचे समुद्री मासे विकणारं दुकान. काचेपलीकडे एक निळाभोर मासा भिरभिरतोय. जेमतेम अंगठ्याएवढा. शेपटी पिवळीधमक, अंगावर काळी वळणदार रेघ. हा ब्लू टँग. मनातल्या मनात तुम्ही त्याला घरच्या टाकीत सोडूनही मोकळे झालात!

पण हे पिल्लू आहे. मोठा झाला की हा 30 सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि दिवसभर लांब लांब पोहणं हा त्याचा स्वभाव. तीन फुटांच्या टाकीत वळायलाच त्याला निम्मी जागा लागेल. दुकानात मासा विकत घेताना त्याचं मोठेपण दिसत नसतं, ते विचारून घ्यावं लागतं.

आता शेजारच्या टाकीत बघा. निळ्या अंगावर केशरी वेलबुट्टी, जणू कुणी सावकाश बसून भरतकाम केलंय. हा मँडरिन. पाच मिनिटं नुसतं बघत राहा. खडकावर टेकतो, थबकतो, तोंड पुढे काढून काहीतरी टिपतो. दोन बोटं सरकतो, पुन्हा टिपतो. त्याला हवे असतात कोपेपॉड, ठिपक्याएवढे कवचधारी जीव. तेही दिवसभर. नव्या टाकीत ते जवळपास नसतातच. विकतच्या खाद्याच्या दाण्यांकडे बहुतेक मँडरिन ढुंकूनही बघत नाहीत. हळूहळू पोट खपाटीला जातं, आणि इतका देखणा मासा आपल्या डोळ्यांदेखत उपासमारीनं मरतो.

म्हणून दुकानदाराला बिनधास्त सांगा, ‘जरा खायला घालून दाखवा.’ दाणा पडताच झेपावणारा मासा निवडा. कोपऱ्यात धापा टाकणारा, पोट आत गेलेला मासा दया म्हणून घरी आणू नका. आणि तोंडाचा आकारही बघून ठेवा. लायनफिश संथ, रुबाबदार दिसतो खरा, पण त्याच्या तोंडात मावणारा प्रत्येक शेजारी त्याच्या लेखी खाऊच. शिवाय त्याचे काटे विषारी.

मग सुरुवात कुणापासून करायची? माझं मत विचाराल तर क्लाउनफिश. त्याची पैदास टाकीत होते, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज नाही, आणि असे मासे दाणे खायला सहसा कुरकुरत नाहीत. समुद्रात तो ज्याच्या आसऱ्यानं राहतो ते समुद्रफूल (अ‍ॅनिमोन) नसलं तरी त्याचं अडत नाही. जोडी घ्यायची तर एक मोठा, एक लहान घ्या. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात. जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. दोन माद्या एकत्र ठेवल्यात तर एकमेकींच्या जिवावर उठतील. नीट सांभाळला तर क्लाउनफिश 20 वर्षंही जगतो, तेव्हा हा पाहुणा चार दिवसांचा नव्हे.

त्याचाच भाऊबंद डॅमसेल. निळाशार, स्वस्त, चिवट. नवी टाकी तयार व्हायला आधी हाच सोडा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात विषारी अमोनिया साठतो. त्यावर जगणारे, तो संपवणारे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते माशाशिवायही वाढतात. त्या पाण्यात एखाद्याला होरपळत का ठेवायचं? त्यातून तो तगलाच, तर टाकी आपल्या बापाची समजतो. नंतर आलेल्याला सुखानं जगू देत नाही. भित्रे मासे आधी, भांडखोर शेवटी, हाच क्रम बरा.

आणि नवा मासा कितीही ठणठणीत दिसो, चारेक आठवडे वेगळ्या टाकीत. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की एकेका माशाला गाठतो.

आता या वाळूकडे या. बिळाच्या तोंडाशी गोबी नावाचा एक छोटा मासा बसलाय, जागचा हलत नाही. आतून एक झिंगा वाळू ढकलत बाहेर येतो, बुलडोझरसारखा. पिस्टल झिंगा. त्याला नीटसं दिसत नाही, म्हणून एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली. झिंगा बीळ खणतो, गोबी पहारा देतो. वरून सावली सरकली, गोबीची शेपटी थरथरली, आणि दोघंही गायब.

लहान टाकीत मावणारी, दाणे खाणारी, कुणाच्या वाटेला न जाणारी ही जोडी. खाली वाळूचा जाडसर थर आणि खडकाचे तुकडे मात्र हवेत. आणि वर बारीक जाळीचं झाकण. गोबी घाबरला की बिळात शिरेलच असं नाही. कधीकधी तो थेट टाकीबाहेर उडी मारतो.