आत्याची चौकट आणि वरचं सभागृह

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय विधान परिषदेबद्दल. विधानसभा नव्हे, विधान परिषद. आपल्या राज्याचं वरचं सभागृह. तिथे कोण बसतं, आणि बसणारी माणसं दशकांमागून दशकं कशी बदलत गेली, याबद्दल.

आधी आकडा सांगतो. 78. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत 78 जागा आहेत. 1960 साली राज्य झालं तेव्हाही 78, आजही 78. 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या चार कोटींच्या आतबाहेर होती, 2011 मध्ये ती सव्वाअकरा कोटी झाली. विधानसभेच्या जागा 264 वरून 288 वर गेल्या. परिषद मात्र 78 वरच आहे.

त्याआधी आकडा भराभर हलत होता. 1937 साली, इंग्रजांच्या कायद्याखाली मुंबई प्रांताला दुसरं सभागृह मिळालं, त्याची पहिली बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली. सदस्य जेमतेम 30. त्या तिसांत हंसा मेहता होत्या. स्त्रियांसाठीची राखीव जागा नाकारून त्या सर्वसाधारण जागेवरून निवडून आल्या होत्या, 1937 साली! पुढे राज्यघटना आली आणि 1952 ला 72 जागा झाल्या. मग द्वैभाषिक मुंबई राज्य. गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळे एका छताखाली, तेव्हा 1957 च्या कायद्यानं जागा केल्या 108. आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र वेगळा झाला तेव्हा 78.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. विधानसभा दर पाच वर्षांनी पूर्ण बरखास्त होते. विधान परिषद कधीच बरखास्त होत नाही. प्रत्येक सदस्याची मुदत 6 वर्षं, आणि दर 2 वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. एक तृतीयांश जातात, दोन तृतीयांश राहतात. आपल्या घरी विरजण जसं चालतं तसं. पूर्वी एका घरातलं विरजण सासूकडून सुनेकडे यायचं, मध्ये भांडं कधी कोरडं पडायचं नाही. या सभागृहाचं भांडं 1960 पासून कोरडं पडलेलं नाही.

या 78 जागा भरतात कशा? 30 आमदार निवडतात. 22 जागा नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा यांचे सदस्य निवडतात. 7 जागा पदवीधर मतदार निवडतात, 7 शिक्षक. आणि 12 जणांना राज्यपाल नेमतात, साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतून.

शिक्षक म्हणजे माध्यमिक शाळेपासून वरचे बरं का. प्राथमिक शिक्षकाला या मतदारसंघात मत नाही. ज्यानं आपल्याला अ आ इ शिकवलं त्याला नाही, ज्यानं बीजगणित शिकवलं त्याला आहे. मला हे कधीही पटलेलं नाही. पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत चार वर्ग एकटा सांभाळणाऱ्या माणसाला राज्याच्या शिक्षणाबद्दल जे सांगता येईल, ते दुसरं कोण सांगेल? असो. पदवीधरांकडे वळतो, कारण माझ्या आत्याची गोष्ट मला सांगायचीच आहे.

आत्या अकोल्याची. माहेर अमरावतीचं. 1955 साली तिनं नागपूर विद्यापीठाची बी.ए. केली. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. तिच्याआधी कोणी पुरुषसुद्धा पदवीधर नव्हता. आजोबांनी पदवीला सागवानी चौकट करवली, काच बसवली. लग्नात रुखवतात लाडू, करंज्या, विणलेली तोरणं आणि मधोमध ही चौकट. सासरी आल्यावर ती ओसरीवरच्या भिंतीला लागली. आणि तिथेच राहिली. आत्यानं नोकरी केली नाही. चार मुलं, सासू-सासरे, दिवाणजी, येणारे-जाणारे, असं मोठं घर सांभाळलं.

आता हे लक्षात घ्या, आत्या बी.ए. झाली त्या वर्षी विदर्भातल्या पदवीधराला असं मतच नव्हतं. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मध्य प्रदेशाला वरचं सभागृह नव्हतं. हैदराबाद राज्यातल्या मराठवाड्याचंही तेच. 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा कुठे आमच्याकडे हा अधिकार आला. आत्या म्हणायची, “आधी पदवी आली, मग मत आलं.”

पदवीधर मतदारसंघाची यादी नेहमीच्या मतदार यादीसारखी नसते. ती दर निवडणुकीला नव्यानं करतात. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही. पुन्हा अर्ज भरायचा, पुन्हा पदवीचा पुरावा जोडायचा. म्हणून दर सहा वर्षांनी आत्या स्टुलावर चढून चौकट उतरवायची. भिंतीवर चौकटीएवढा पांढराशुभ्र चौकोन उघडा पडायचा. आजूबाजूची भिंत चुलीच्या धुरानं पिवळी झालेली, आणि मध्ये तो चौकोन. आम्ही मुलं त्यावरून ओळखायचो की निवडणूक आली.

मी कॉलेजात होतो, नव्वदच्या दशकातली गोष्ट. चौकटीचे खिळे गंजलेले. काढायला गेलो तर काच तडकेल ही भीती. मग झेरॉक्स कशी काढायची? आत्या म्हणाली, “चौकटच घेऊन जाऊ.” सोलापुरी चादरीत चौकट गुंडाळली, आत्या लूनावर मागे बसली, चौकट मांडीवर आडवी. झेरॉक्सवाल्यानं काचेसकट पदवी मशीनवर पालथी घातली. पहिली प्रत काळीकुट्ट आली. तिसरी बरी आली. ती घेऊन साक्षांकनासाठी एका साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “बाई, यावर आडनाव वेगळं आहे.” असणारच! पदवी माहेरच्या नावानं, आणि वर कु. लिहिलेलं. आत्या तेव्हा दोन नातवंडांची आजी होती. मग लग्नाचा पुरावा. 1957 च्या लग्नाचा दाखला कुणाकडे असतो हो? शेवटी प्रतिज्ञापत्र केलं. दोन दिवस गेले. आत्या एकदाही चिडली नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय ती उठली नाही.

मधल्या मध्ये सांगून ठेवतो, हात जोडून सांगतो, मुलांच्या पदव्या, गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागद पुढे ना नीट तपासता येतो, ना त्यावर कुणाला शिक्का मारता येतो. साध्या फोल्डरमध्ये ठेवा. डांबराच्या गोळ्या ठेवा कपाटात.

तर मतदानाचा दिवस. आत्या म्हणाली, चौकट घे बरोबर. म्हटलं, यादीत नाव आहे, आता चौकट कशाला? म्हणाली, “असू दे.” पुन्हा चादर, पुन्हा लूना. केंद्रावर रांगेत प्राध्यापक, वकील, बँकेतले लोक, बहुतेक पँट-शर्टवाले. आत्या नऊवारीत, डोक्यावर पदर. दारावरचा पोलीस तरणा पोरगा. आदबीनंच म्हणाला, “मावशी, हे पदवीधरायचं मतदान हाय. तुमचं नाही.” रांग शांत झाली. आत्या माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, “बाबू, काढ.”

मी चादर सोडली. चौकट बाहेर आली. पोलिसानं वाचली, मागच्या वकिलांनी वाचली, मग रांगेतून एकेक जण पुढे येऊन वाचायला लागला. 1955! तिथल्या कितीतरी जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. केंद्राध्यक्ष बाहेर आले, त्यांनी खुर्ची मागवली, म्हणाले, आपण आधी चला. आत्या म्हणाली, “रांगेत आले, रांगेनंच जाईन.” आणि पाऊण तास उभी राहिली. पोलीस पोरानं तेवढा वेळ चौकट धरून ठेवली, मला देईना.

पुढचं मला नंतर त्या केंद्राध्यक्षांनीच सांगितलं. या निवडणुकीत फुली मारायची नसते, शिक्का मारायचा नसतो. आकडे लिहायचे असतात. पहिल्या पसंतीला 1, दुसऱ्या पसंतीला 2. फक्त 1 लिहिला तरी मत चालतं. मात्र 1 लिहायलाच हवा, आणि सही केली, अंगठा दिला, शेरा लिहिला तर मत बाद. सगळे दोन मिनिटांत बाहेर येत होते. आत्या आडोशामागे गेली ती येईचना. पाच मिनिटं झाली, सात झाली. त्यांना वाटलं, म्हातारबाई गोंधळल्या. त्यांनी बाहेरूनच सांगितलं, “आजी, एकच आकडा लिहिला तरी चालतं बरं.”

आतून आत्याचा आवाज आला, “माहीत आहे. पण मला सातही जणांबद्दल मत आहे.”

सात उमेदवार होते. तिनं सातही जणांची पत्रकं महिनाभर वहीत चिकटवली होती, खाली पेन्सिलीनं टिपणं केली होती. हा सिंचनावर बोलतो, हा बोलत नाही. यानं मागे काय केलं. याचं शुद्धलेखन बरं नाही. आणि 1 ते 7 अशी क्रमवार पसंती तिनं ठरवून नेली होती. त्या केंद्राध्यक्षांनी मला सांगितलं, “एवढी वर्षं निवडणुकीचं काम करतो, मत म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.”

वेळ संपत आली, पण हे सांगायलाच हवं. आत्याच्या अमरावती मतदारसंघातून प्रा. बी. टी. देशमुख सलग पाच वेळा निवडून गेले. 30 वर्षं. विदर्भाच्या अनुशेषाचे, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या कामांचे, आकडे त्यांना तोंडपाठ. शेजारच्या नागपूर पदवीधरमधून नितीन गडकरी 1989 पासून 2014 पर्यंत. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील 18 वर्षं परिषदेत होते. वि. स. पागे 1960 पासून 1978 पर्यंत सभापती, आणि सभापती असतानाच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या मजुरांच्या हाताला काम कसं मिळेल याचा हिशेब मांडता मांडता त्यांनी रोजगार हमी योजना उभी केली. 1977 ला तिचा कायदा झाला. सांगायचं ते हे की लोक टिकत होते. एक तृतीयांश जात, पण जुनं माणूस शेजारी बसलेलं असे.

नेमलेल्या जागांवर ग. दि. माडगूळकर 1962 पासून 12 वर्षं होते. 1978 ला ना. धों. महानोर आले, आणि अजिंठ्याच्या पायथ्याचा हा शेतकरी कवी सभागृहात पाण्यावर, फळबागांवर बोलला. कवी सभागृहात असायलाच हवा. हे मी वाङ्मयप्रेमातून म्हणत नाही. कायदा शब्दांचाच असतो, आणि शब्द तोलणारं माणूस तिथे नसेल तर तो कायदा खेड्यातल्या माणसाला वाचून कळत नाही. आणि याच 12 जागा 2020 च्या जूनमध्ये रिकाम्या झाल्या, त्यातल्या 7 भरायला 15 ऑक्टोबर 2024 उजाडला. चार वर्षं! जिल्हा परिषदा, महापालिका निवडलेल्या सदस्यांऐवजी प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा त्यांच्या मतांवर भरणाऱ्या जागाही मुदत संपली तशा रिकाम्या पडत गेल्या. मी मघाशी विरजणाचं म्हटलं. भांड्यातलं काढत राहायचं आणि दूध घालायचंच नाही, असं झालं हे. मला याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक बदल. पूर्वी माणसं परिषदेतच वाढत. आता पुष्कळदा विधानसभेत जागा नाही म्हणून परिषदेत येतात. मंत्री झालेल्याला 6 महिन्यांत कुठल्यातरी एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. मुख्यमंत्री झाल्यावर पृथ्वीराज चव्हाण परिषदेत आले, 2020 च्या मे महिन्यात उद्धव ठाकरे आले. घटनेला ते मान्य आहे, त्यात गैर काही नाही.

आणि स्त्रिया. 2011 पासून आपल्या जिल्हा परिषदांत, पालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे परिषदेच्या त्या 22 जागांसाठी मत देणाऱ्यांत निम्म्या बाया. पण खुद्द परिषदेत स्त्रियांना एकही राखीव जागा नाही. 2023 ला संसदेनं जी घटनादुरुस्ती केली ती लोकसभेसाठी आणि विधानसभांसाठी, विधान परिषदांसाठी नाही. नीलम गोऱ्हे 2002 मध्ये सदस्य झाल्या, 2019 मध्ये उपसभापती. 1937 ला हंसा मेहतांनी उघडलेल्या दारातून 78 मध्ये आणखी कितीतरी जणी आत यायला हव्या होत्या.

पदवीधरांच्या यादीसाठी 1 नोव्हेंबर ही तारीख धरतात. त्या दिवशी पदवी मिळून 3 वर्षं झालेली हवीत. अर्जाचा नमुना 18. शिक्षकांसाठी नमुना 19. पुन्हा सांगतो, पदवीधर 18, शिक्षक 19. यादी दर वेळी नवी होते, जुनं नाव चालत नाही.

आत्यानं 2017 ला शेवटचं मत दिलं. तेव्हा ती 83 वर्षांची होती. सातवीतली पणती बरोबर गेली होती, चौकट घेऊन. आता ती चौकट पणतीकडे आहे. परवा तिचा फोन आला होता. तिचीही पदवी झालीय, पण 3 वर्षं व्हायला अजून अवकाश आहे, आणि भिंतीवर दोन चौकटी शेजारी लावायच्या की एकीखाली एक, हे तिला विचारायचं होतं.

नमस्कार.