ध्यानात विचार थांबत नाहीत? दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके घेऊन बसा

नमस्कार मंडळी. आज भस्त्रिका प्राणायामावर बोलायचं ठरलं होतं, पण तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलते. कारण गेला महिनाभर कमेंट्समध्ये एकच वाक्य फिरून फिरून येतंय. "ताई, एरवी बरं असतं, पण ध्यानाला बसलं की विचार जास्तच येतात." लातूरच्या एका दादांनी लिहिलंय, तीन वर्षं प्रयत्न करतोय, माझ्या नशिबात ध्यान नाही बहुतेक. नाशिकच्या एक आजी म्हणतात, माळ हातात पुढे सरकत असते आणि मन गॅसवरच्या दुधापाशी असतं.

दादा, आजी, तुमचं काहीही चुकत नाहीये. तुम्हाला कुणीतरी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. उरलेली अर्धी आज सांगते.

आधी बसायचं कसं ते भराभर उरकू, कारण त्यावर माझे बरेच व्हिडिओ आहेत. मांडी जमत असेल तर मांडी घाला, नसेल तर खुर्ची घ्या. खुर्चीत तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. पाठ सरळ हवी, पण ताठरलेली नको. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या एवढीच आहे, स्थिरसुखमासनम्. स्थिर असावं आणि सुखाचं असावं. गुडघे ठणकत असताना पद्मासनाचा हट्ट नको. पोटभर जेवून लगेच बसू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. म्युझिक कोणतं लावू, असं रोज कुणीतरी विचारतं. कोणतंच नको. वेळ दहा मिनिटं. झालं बसणं.

आता मुद्द्याचं. योगसूत्रांतलं दुसरंच सूत्र, योगश्चित्तवृत्तिनिरोधः. चित्ताच्या वृत्तींचा, म्हणजे मनात उठणाऱ्या तरंगांचा, निरोध म्हणजे योग. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि बहुतेकांनी निरोधाचा अर्थ विरोध असा घेतलेला असतो. विचार आला की ढकला, दाबा, हाकला. परवा एका कमेंटमध्ये तर "ताई, मन मारायला शिकवा" असं होतं. वाचून मला खरंच वाईट वाटलं. मन मारायचं कशाला? त्याच मनानं तर बसायचं आहे ना आपल्याला?

मी हे तळमळीनं बोलते, कारण मी त्यातून गेले आहे. सव्विसाव्या वर्षी मी एका शिबिराला गेले होते. नाव घेत नाही. तिथे रोज संध्याकाळी विचारायचे, आज मन किती वेळ निर्विचार होतं? लोक हात वर करून सांगायचे, पाच मिनिटं, वीस मिनिटं. माझं उत्तर रोज शून्य. मग मी जोर लावायला लागले. दात आवळून, कपाळाला आठ्या घालून बसायचे. तीन महिन्यांत अशी अवस्था झाली की सकाळी आसन पसरलं की डोकं धरायचं. भाकरी चावताना जबड्यात कळ यायची. शेवटी बसणंच सोडलं, ते दोन वर्षं. त्याच दोन वर्षांत बाबा गेले. ज्या वेळी आधार लागला असता, नेमक्या त्या वेळी हातात काही नव्हतं. लातूरच्या दादांनी "नशिबात नाही" लिहिलं, तेव्हा मला ती दोन वर्षं आठवली.

पुढे वाईला एका निवृत्त संस्कृत शिक्षकांकडे सूत्रं शिकायला जायला लागले. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि दोन वाट्या आणल्या. (वाट्या कॅमेऱ्यासमोर धरते.) अशाच, पितळेच्या. एका वाटीत चिंचोके, दुसरी रिकामी. म्हणाले, "उजवीकडची भरलेली, डावीकडची रिकामी. श्वासाकडे बघत बस. मन गेलं होतं असं लक्षात आलं, की एक चिंचोका उचलून डाव्या वाटीत टाक आणि परत श्वासाकडे ये. बाकी काही करू नकोस."

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत चार चिंचोके हलले. मी खुशीत होते, चारच म्हणजे कमीच की! सरांनी वाटीत बघितलं आणि विचारलं, "चारच? मग बाकीचा वेळ कुठे होतीस?"

या प्रश्नाने माझं सगळंच फिरलं. मन चारदाच भटकलं नव्हतं. ते भटकलेलं मला चारदाच कळलं होतं. बाकी सगळा वेळ मी त्या विचारांबरोबर आठवडी बाजारात, ऑफिसात, जुन्या भांडणात हिंडत होते आणि मला पत्ताच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात आकडा सत्तावीसवर गेला, आणि सर पहिल्यांदा "छान" म्हणाले. मन भटकणं वाढलं नव्हतं. जाग वाढली होती. तुम्हाला बसल्यावर विचार "जास्त" येतात ना, ते जास्त येत नाहीत. ते दिवसभर तेवढेच असतात. बसल्यावर पहिल्यांदा दिसतात.

बरं, ही पद्धत सरांच्या पदरची होती, पण तिच्या मागचा विचार पदरचा नाही. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, तेरावं सूत्र बघा. तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः. तिथे टिकून राहण्यासाठी केलेला यत्न म्हणजे अभ्यास. शब्द यत्न आहे. टिकून राहिलात तरच अभ्यास, असं म्हटलेलं नाही. मन सुटलं, तुम्ही आणलं, हा यत्न. म्हणजे चिंचोका हलला की अभ्यास घडला. ज्या दिवशी पन्नास वेळा आणावं लागलं, त्या दिवशी पन्नास वेळा अभ्यास घडला.

गीतेच्या सहाव्या अध्यायातही हेच आहे. यतो यतो निश्चरति मनश्चञ्चलमस्थिरम्. यतो यतो, ततस्ततो. शब्द दोनदोनदा आलेत बघा. जिथे जिथे जाईल, तिथून तिथून आणायचं. ते पुन्हा पुन्हा जाणार, हे तिथे आधीच धरून चाललेलं आहे. मग आपणच का धरून बसतो की ते एकदा बसवलं की बसायला हवं?

आता सगळ्यात अवघड जागा. इथे कान देऊन ऐका. मन गेलं होतं हे कळलं, त्याच्या पुढच्या क्षणी तुम्ही काय करता? बहुतेक जण म्हणतात, "शी, परत गेलं!" हा नवा विचार झाला. मग त्याची शेपूट, "मला जमतच नाही." मग "शेजारच्या वहिनींना कसं जमतं?" मूळ विचार होता गॅसच्या दुधाचा, तो दोन सेकंदांचा. त्याच्यावरचं रागावणं दोन मिनिटं चाललं. ध्यान दुधाने मोडलं नाही, रागावण्याने मोडलं. म्हणून कळलं, चिंचोका उचलला, टाकला, श्वासावर आले. मध्ये शब्द नको. कौतुकाचाही नको.

अजून एका बाजूने सांगते, कारण हे डोक्याला पटतं पण अंगी लागत नाही. माझं आजोळ वाईजवळच्या खेड्यात. लहानपणी आजोबांनी बाजारातून एक वासरू आणलं. गोठ्यात खुंट्याला बांधलं. ते आईसाठी हंबरायचं आणि दाव्याला हिसके द्यायचं. खुंट्याभोवती गरगर फिरायचं, दावं गुंडाळून मान खुंट्याला लागायची. आजोबा जायचे, पाठीवर हात ठेवायचे, उलटं फिरवून दावं सोडवायचे आणि परत यायचे. पुन्हा तेच. दिवसातून वीस वेळा. गड्यानं काठी उचलली तर आजोबा त्याच्यावर ओरडायचे. मी दावं आखूड करायचं सुचवलं, तर म्हणाले, "आखूड केलं की मान सोलंल त्याची." पाच-सहा दिवसांनी रात्री कंदील घेऊन त्यांच्याबरोबर गेले, तर वासरू खुंट्याला अंग लावून रवंथ करत बसलेलं. दावं ढिलं पडलं होतं. कुणीही ओढलेलं नव्हतं.

पुढे सरांकडे तिसऱ्या पादाचं पहिलं सूत्र आलं, देशबन्धश्चित्तस्य धारणा. चित्त एका जागी बांधणं म्हणजे धारणा. "बंध" शब्द ऐकला आणि मला तो खुंटा दिसला. बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलंय, ते तुम्ही कमेंटमध्ये नेहमी लिहिता. खरंच आहे ते. पण ढोराला कसं वळवायचं हे खेड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, आपल्याच मनाशी वागताना मात्र आपण काठी घेतो. रामदासांनी मनाला २०५ श्लोक ऐकवले, उपदेशही कडक केला, पण हाक मारताना "मना सज्जना" म्हटलं ना!

खुंटा म्हणून श्वासच का? याचं उत्तर मला फार आवडतं. पतंजली चित्त विचलित झाल्याच्या खुणा सांगतात. दुःख, मनाची उदासी, अंगाची थरथर आणि बिघडलेले श्वास-प्रश्वास. म्हणजे मन बिघडलं की श्वास बिघडतो, हे त्यांनी टिपून ठेवलंय. आणि दोन सूत्रं सोडून उपाय देतात, प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य. श्वास नीट बाहेर सोडणं आणि धरणं. त्याच दोरीचं दुसरं टोक धरायचं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात, व्हेगस नर्व्ह या मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या नसेमार्फत. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडा, काहींना तिथल्या तिथे जाणवतं. श्वासाचा असा प्रयोगशाळेतला अभ्यास आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी सुरू केला. त्यांची संस्था कैवल्यधाम १९२४ सालची आहे.

तर सुरुवातीची दोन मिनिटं एवढंच करा. चार आकड्यांत श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा. सूत्रात धरणं आहे, पण तुम्ही धरू नका. बीपी असेल, हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर व्हिडिओ बघून कुंभक, म्हणजे श्वास धरणं, मुळीच करायचा नाही. दोन मिनिटांनी मोजणं सोडा, श्वास आपला आपण चालू द्या, आणि वाट्या पुढे ओढा.

आता राहिलेल्या कमेंट्स. "पाचव्या मिनिटाला झोप लागते, म्हणजे मन शांत झालं ना?" नाही हो. ज्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत, प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती, त्यात निद्रा आहेच. झोप येत असेल तर बहुधा झोपेचीच थकबाकी आहे. आधी रात्री लवकर झोपा. दिवसा बसताना डोळे अर्धवट उघडे ठेवा.

"निळा प्रकाश दिसला." दिसू दे. चिंचोका टाका, श्वासावर या.

"किती दिवसांत फरक पडेल?" सूत्रात दीर्घकाळ, नैरंतर्य आणि सत्कार असे तीन शब्द आहेत. दिवसांचा आकडा नाही. पहिले दोन सगळे सांगतात. तिसरा मात्र सटकतो. सत्कार, म्हणजे आदरानं केलेला अभ्यास. आजोबांचा पाठीवरचा हात, मी त्याला सत्कार म्हणते.

आणि एका ताईंनी लिहिलंय, "श्वासाकडे बघते, पण डोक्यात जाऊबाईच." ताई, तुमच्यासाठी श्वासाच्या त्या सूत्राच्या आधीचं सूत्र आहे. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याचा आनंद, आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. मराठीत आपण उपेक्षा म्हणजे हेळसांड म्हणतो, इथे तसं नाही. त्या माणसाचा हिशोब आपल्या मनात मांडून बसायचं नाही, एवढंच. चित्त प्रसन्न ठेवायला हे चार सांगितलेत, आणि ते आसनावर बसून करायचे नाहीत, स्वयंपाकघरात करायचे आहेत. यावर वेगळा व्हिडिओ करते, कबूल.

एक गोष्ट गांभीर्यानं. डोळे मिटले की छातीत धडधडतं, घाबरायला होतं, जीव नकोसा वाटतो, आठवडेच्या आठवडे झोप नाही, असं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. चालू गोळ्या ध्यानासाठी बंद करू नका. ध्यान औषधाच्या जागी नाही, सोबत आहे. मी माझ्या वर्गातल्या दोघींना स्वतः घेऊन गेले आहे डॉक्टरांकडे. आज त्या दोघी बसतात.

चिंचोके नसले तर तूरडाळ घेऊ नका, बारीक दाणा शोधण्यातच लक्ष जातं. वाल चालतील, शेंगदाणे चालतील. उद्या सकाळी दहा मिनिटं बसा आणि खाली कमेंटमध्ये "किती शांत वाटलं" ते लिहू नका. डाव्या वाटीतले मोजा आणि तो आकडा लिहा. दादा, तुमचाही बघणार आहे मी.

(डावी वाटी कॅमेऱ्याकडे तिरकी करते.) हे आज सकाळचे माझे. एकोणीस.