गाडी नेमकी कधी तापते?

(दृश्य: मे महिन्यातली दुपार, पसरणी घाट. कडेला बोनेट उघडून उभी असलेली छोटी कार. चालकाच्या एका हातात पाण्याची बाटली, दुसरा हात रेडिएटरच्या झाकणाकडे.)

थांबा. ते झाकण आत्ता उघडायचं नाही.

वाईतून पाचगणीला येताना गाडी १०-१२ किलोमीटरमध्ये साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. आत पाच माणसं, एसी चालू, पुढे एसटी, आणि गिअर पहिल्या-दुसऱ्याच्या वर जायला तयार नाही. इंजिनावर ताण पुरेपूर, समोरून येणारा वारा मात्र नावापुरता. गावात महिनोन्‌महिने झाकून राहिलेली खोट इथे उघडी पडते.

झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा, बारमधला. एवढ्या दाबाखाली आतलं पाणी ११० अंशांनाही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो, त्याच पाण्याची वाफ होते आणि ती सरळ तोंडावर येते. म्हणून पाऊण तास थांबायचं. वरचा जाड होज पाइप दाबून बघायचा. तो मऊ लागला आणि हाताला सोसला, की झाकणावर जाड फडकं टाकून पहिल्या खटक्यापर्यंतच फिरवायचं. फुस्स आवाज पूर्ण संपला, मग काढायचं. तापलेल्या इंजिनावर वरून बादलीभर पाणी ओतणारेही घाटात दिसतात. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अशाने तडकू शकतं.

काटा चढताना दिसला, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. मे महिन्यात हे ऐकवतही नाही, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाच्या पाण्यातली उष्णता तोही बाहेर टाकतो. काटा तरी उतरला नाही किंवा वाफ दिसली, की गाडी कडेला आणि इंजिन बंद. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे उशीर झालेलाच असतो.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ, साताऱ्यातलं एक अंगण. इंजिन पूर्ण गार.)

पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न: गाडी तापते कधी? राजवाड्याजवळच्या गर्दीत उभी असताना तापते आणि हायवेला लागली की गार होते, तर संशय फॅनवर. गावात ठीक, पण घाटात किंवा ऐंशी-नव्वदच्या वेगाला तापते, तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. चालू करून पाच मिनिटांत तापते, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकलाय किंवा त्याहून वाईट काहीतरी आहे. या एका उत्तरावर निम्मं काम होतं. तरीही बरेच जण थेट नवा रेडिएटर घालून मोकळे होतात.

आधी पातळी. रेडिएटरला स्वतःचं झाकण आणि शेजारी साधी प्लास्टिकची बाटली अशी रचना असेल, तर नुसती बाटली बघून चालत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं सर्रास होतं. कारण झाकणातच असतं. इंजिन गार होताना झाकणातला छोटा व्हॉल्व्ह बाटलीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव, ज्याला आपण सरसकट पाणी म्हणतो) परत आत ओढून घेतो. तो चिकटला किंवा रबर कडक झालं, की ओढणं बंद. सकाळी वरचा होज पाइप चपटा, पोटात गेलेला दिसला, तर झाकण बदला. किरकोळ किमतीची वस्तू आहे. बदलताना दाबाचा आकडा तोच हवा.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, वास गोडसर. पाइपच्या क्लिपांपाशी आणि वॉटर पंपाखाली हिरवट-पांढरे वाळलेले ओघळ दिसतात का बघा. डाव्या सीटपुढची मॅट ओली आणि काचेवर चिकट धुकं, तर हीटरचा गाभा, म्हणजे तो डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटर, गळतोय.

फॅनची परीक्षा सोपी. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन लगेच फिरतो. नाही फिरला, तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा दुसरा रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) लावून बघा. तरीही नाही, तर फॅनचा प्लग काढून मोटारीला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, मध्ये फ्यूज घालून. फिरली, तर मोटार चांगली. दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. फिरली नाही, तर मोटार गेली. इंजिन गरम असेल तर हा फॅन चावी काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं लांब.

(दृश्य: गॅसवर जुनं पातेलं. पाण्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर.)

थर्मोस्टॅट पातेल्यात कळतो. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. दोऱ्याला टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. साताऱ्यात पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, तेवढं पुरतं. त्या आकड्याच्या आसपास मधली चकती हलकेच सुटू लागते आणि उकळी येईपर्यंत सात-आठ मिलिमीटर उघडते. पाणी खळाखळा उकळतंय आणि चकती जागची हलत नाही, तर चोर सापडला. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकात नको.

‘आपल्याकडे थंडी कुठे, थर्मोस्टॅट काढूनच टाका,’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. ऐकू नका. इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

रेडिएटर बाहेरूनही चोंदतो. पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर आणि मधल्या बोटभर फटीत उसाचा पाचोळा, धूळ, किडे. कारखान्यांच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे फिरणाऱ्या गाड्यांत तर नमद्यासारखा थर निघतो. साध्या नळीने इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाणी मारा. प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. आतून चोंदण्याचं कारण बहुतेक वेळा बोअरचं पाणी. त्याचे क्षार नळ्यांत बसतात.

जुनं कूलंट गार इंजिनातून टबात काढा. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ४ ते ५ लीटर बसतं; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. डब्यावर ‘तयार मिश्रण’ असेल तर पाणी घालायचं नाही. नुसतं दाट कूलंट घातलं तर उष्णता कमी वाहून नेतं, म्हणजे पैसेही जास्त आणि काम उलटं.

भरताना गाडीचं नाक चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. इंजिन सुरू करा आणि वरचा पाइप अधूनमधून दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतसं भरत जा. पाइप तापण्याआधी हातमोजे घालून घ्या. फॅन एकदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले, की झाकण लावा. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा, तर आत अजून एअर लॉक, म्हणजे अडकलेली हवा, आहे.

बुडबुडे थांबतच नाहीत, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, किंवा गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा घट्ट होतो, तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पातळ सील, गेलंय. इथे घरचं काम संपलं. हेड काढून फेस, म्हणजे घासून सपाट, करावं लागतं, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे मोजून तेवढ्याच जोराने, आवळावे लागतात. गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

(दृश्य: संध्याकाळ, साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाचा चढ. डॅशबोर्डवर गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी रीडर.)

चाचणीला यवतेश्वरचा चढ पुरेसा. स्वस्तातला ओबीडी रीडर मोबाइलला जोडला, की काटा नसलेल्या गाडीतही तापमान दिसतं. सपाटीला ८५ ते ९५, चढावर एसीसह १०० ते १०५ ठीक. ११० ओलांडून आकडा चढतच राहिला, तर परत फिरा. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. दोन मिनिटं चालू ठेवा, फॅन लागतो आणि थांबतो ते ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, झाकण उघडून रेडिएटर तोंडोतोंड भरलेला आहे ना ते बघा.