नजर रोखणे आणि नजर देणे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आज माणसाच्या डोळ्यातील पांढऱ्या भागाविषयी बोलण्याचे मी कबूल केले आहे, कारण प्राणी आणि माणूस एकमेकांच्या चेहऱ्याकडे व डोळ्यांकडे का पाहतात या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पांढऱ्या भागात आहे, असे मला मनापासून वाटते. त्याकडे वळण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करू. शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांत, काहीही न बोलता, मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत पाहत राहा.

थांबा. चार सेकंदही झाले नाहीत तोच मागच्या रांगांतून हशा आला, आणि पुढच्या रांगेतील काहींनी तर त्याआधीच माना खाली घातल्या. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला भेट देणाऱ्या सुमारे ५०० लोकांच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावरील अनोळखी चेहरा आपल्याकडे किती वेळ पाहत राहिला तर अवघडल्यासारखे होत नाही, हे त्यात मोजले होते, आणि उत्तर सरासरी ३.३ सेकंद असे आले. म्हणजे आपण सारे अगदी वेळेवर हसलात.

या अवघडलेपणाचे मूळ आपली भाषा ओळखून आहे. आपण बंदूक रोखतो तशीच नजरही रोखतो. सैन्ये भिडतात तशा नजराही भिडतात. आणि दुसऱ्याच्या वस्तूची ज्याला हाव सुटली आहे त्याचा तिच्यावर ‘डोळा’ असतो. ही सारी शब्दकळा शिकारीची आणि झुंजीची आहे. ज्याच्याकडे पाहिले जाते त्या जिवाला ‘हा माझ्याच मागे आहे का?’ एवढा एकच प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर चुकले तर जीव जातो. उत्तर अमेरिकेत हॉगनोज नावाचा एक साप आहे, तो धोका जाणवताच उताणा पडून मेल्याचे सोंग घेतो. त्याच्या नवजात पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, समोरचा माणूस त्यांच्याकडे पाहत राहिला तर ती त्या सोंगातून उशिरा बाहेर येतात आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली तर लवकर येतात. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या सापालाही आपले डोळे कुठे वळले आहेत याची दखल घ्यावी लागते, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आता ज्या घटनेने मला या विषयाकडे ओढले ती सांगतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात बोकिटो नावाचा एक गोरिला होता, पाठीवर रुपेरी केस आलेला, कळपाचा प्रमुख. त्याला पाहायला एक स्त्री आठवड्यातून अनेकदा येत असे. काचेपाशी उभी राहून ती त्याच्या डोळ्यांत पाही आणि हसे. तोही आपल्याकडे पाहून हसतो, आपल्या दोघांत काही एक नाते आहे, अशी तिची खात्री होती. असे डोळ्यांत पाहू नका, असे तेथील कर्मचाऱ्यांनी तिला बजावलेही होते. मे २००७ मध्ये एके दिवशी बोकिटोने आवाराभोवतालचा पाण्याचा चर ओलांडला आणि तिला गाठून फरफटत नेले. ती वाचली, पण तिची अनेक हाडे मोडली होती आणि अंगभर चाव्यांच्या जखमा होत्या. तिच्याबद्दल तेव्हा फार वाईट बोलले गेले, आणि ते मला कधीच पटले नाही. तिच्या प्रेमात खोट नव्हती. गोरिलांमध्ये रोखलेली नजर हे आव्हान असते, आणि माकडांच्या कित्येक जातींत दात दाखवणे ही भीतीची किंवा शरणागतीची खूण असते. म्हणजे ज्याला ती जिव्हाळा म्हणत होती ते समोरच्याला भलतेच काही ऐकू जात असणार. पुढे एका विमा कंपनीने त्या संग्रहालयात येणाऱ्यांना पुठ्ठ्याचे चष्मे वाटले. त्यांवर बाजूला पाहणारे डोळे छापलेले होते, जेणेकरून माणसाला गोरिलाकडे सरळ पाहता यावे आणि गोरिलाला मात्र तो दुसरीकडेच पाहतो आहे असे वाटावे. एक रागीट जनावर आणि एक वेडी बाई एवढाच या घटनेचा अर्थ लोकांनी लावला असताना, नेमके काय घडले होते हे त्या चष्म्यांनी इतरांपेक्षा नीट ओळखले होते.

अशीच एक घटना माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे आणि तिची खंत मला अजून आहे. एका परिचितांच्या घरी चार वर्षांच्या मुलाने कुत्र्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नाकाला नाक लावून तो त्याच्या डोळ्यांत पाहू लागला. आम्ही मोठी माणसे कौतुकाने हसत होतो. कोणीतरी छायाचित्रही काढले. कुत्र्याने मान वळवली, मुलाने ती पुन्हा आपल्याकडे फिरवली. कुत्र्याने जिभेने ओठ चाटले, जांभई दिली, पुन्हा मान वळवली, आणि मग तो चावला. जखम मोठी नव्हती, परंतु ‘काही कारण नसताना चावला’ असा शिक्का त्याच्यावर बसला आणि त्याला ते घर सोडावे लागले. त्याने चार वेळा ‘नको’ म्हटले होते. मला आज हे सारे कळते. त्या दिवशी मी तेथेच बसलो होतो आणि मला ते दिसले नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. माझ्याकडे दहाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा कबूल केलेल्या विषयाकडे आता वेगाने येतो.

कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ साली असे दाखवले की, त्यांनी तपासलेल्या सर्व वानरकुलीन जातींत माणसाच्याच डोळ्याचे श्वेतपटल, म्हणजे तो पांढरा भाग, सर्वाधिक उघडे दिसते. ते रंगहीनही असते, त्यामुळे बुबुळ कुठे वळले आहे हे दुरूनही लपत नाही. इतर बहुतेक वानरांत तो भाग गडद असतो आणि नजरेची दिशा झाकली जाते. चिंपांझी व गोरिलांतही फिकट श्वेतपटल असलेले काही जीव आढळतात, त्यामुळे ही सीमारेषा पूर्वी मानली जात होती तितकी ठळक नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की चिंपांझी, गोरिला यांसारखे मोठे वानर समोरच्याचे डोके कुठे वळले ते प्रामुख्याने पाहतात, तर माणसाचे तान्हे मूल त्याचे डोळे कुठे वळले ते पाहते. ज्या प्राण्याला आपल्या नजरेची दिशा उघडी ठेवणे परवडते, त्याच्या आसपास त्याला सहकारी असले पाहिजेत, वैरी नव्हेत. माझे म्हणणे एवढेच आहे की येथे नजरेचे काम पालटले: ती समोरच्यावर रोखण्याऐवजी समोरच्याला देण्याची वस्तू झाली, ‘मी पाहतो आहे ते तूही पाहा’ असे सांगणारी. माणसाचे मूल जन्मल्यानंतर काही दिवसांतच आपल्याकडे सरळ पाहणारा चेहरा अधिक वेळ निरखते. त्याला नजर म्हणजे बोलावणे वाटते, आणि म्हणून ते कुत्र्याकडेही तसेच पाहते.

कुत्रा हा आपल्या या रीतीत बराच आत आलेला प्राणी आहे. २००३ साली हंगेरीतील संशोधकांनी कुत्र्यांना आणि माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांना न सुटणारे कोडे घातले, तेव्हा कुत्रे वळून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागले आणि लांडगे आपापली खटपट करीत राहिले. बकऱ्यांतही अशी वळून पाहण्याची रीत पुढे आढळली. २०१५ साली जपानमध्ये असे दिसले की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक वाढते. हाती वाढलेल्या लांडग्यांत तसे घडले नाही. २०१९ च्या एका अभ्यासात तर कुत्र्याच्या भुवईचा आतला कोपरा उचलणारा एक स्नायू सापडला, जो लांडग्यात जेमतेम काही तंतूंपुरताच असतो.

परंतु लांडग्याची जुनी रीत कुत्र्याने टाकलेली नाही. सवयीच्या माणसाची सौम्य नजर त्याला हवी असते. हातांत जखडलेल्या चेहऱ्यावर रोखलेली नजर त्याला आजही धमकीच वाटते. अस्वस्थ कुत्रा मान वळवतो, पण नजर मात्र ज्याची धास्ती वाटते त्याच्यावरच ठेवतो, आणि तेव्हा त्याच्याही डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर उघडी पडते. त्या दिवशीचे छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात मूल हसते आहे, मागे आम्ही सारे हसतो आहोत, कुत्र्याचे तोंड भिंतीकडे वळलेले आहे, आणि त्याच्या डाव्या डोळ्यातली पांढरी कोर अगदी स्वच्छ दिसते.