पाळणा लांबवणारी सुई

(तालुक्याच्या गावी व्यायामशाळांचे प्रशिक्षक आणि तरुण मुलांसमोर एका मूत्ररोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, जिममध्ये तुम्ही ज्याला नुसतं ‘टेस्ट’ म्हणता, त्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनची एक मोठी चाचणी झाली ती पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने 7 देशांतल्या 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट टोचलं. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांच्या आत 157 जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडेना. मग वर्षभर त्यांनी दुसरं काहीही न वापरता फक्त या इंजेक्शनवर भिस्त ठेवायची, असं ठरलं. त्या सगळ्या काळात दिवस गेले ते एकाच बाईला.

आता मनातल्या मनात आपल्याकडच्या ‘सायकल’चा, म्हणजे अंग कमवायला काही आठवडे सलग स्टिरॉइड घेण्याचा, हिशोब करा. आठवड्याला 200 म्हणजे सुरुवात समजली जाते. वर डेका नावाचं दुसरं स्टिरॉइड, वर स्टिरॉइडच्या गोळ्या. पाळणा लांबवायची इतकी जालीम सुई आपली पोरं लग्नाआधी वर्गणी काढून विकत घेतात.

हे होतं कसं? मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच अशी दोन संप्रेरकं सोडते. एलएच वृषणाला सांगतं, टेस्टोस्टेरॉन बनव. एफएसएच शुक्राणूंच्या कामाला हातभार लावतं. गच्चीवरच्या टाकीत कुणी रोज टँकरचं पाणी ओतत राहिलं, तर फ्लोट वरच राहतो आणि खालची मोटर सुरूच होत नाही. तसंच रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसलं की मेंदू वृषणाला निरोप पाठवणंच थांबवतो. आणि खरी गोम पुढे आहे. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागतं. ते तिथल्या तिथेच बनावं लागतं. दंडात किंवा कुल्ल्यात कितीही टोचा, आतली ती पातळी गाठता येत नाही. कारखाना बंद पडला की वृषणं लहान होतात, मऊ पडतात. तुम्ही आपसांत गोट्या आक्रसल्या म्हणून हसता ना, ते हे. (हसू नका, मागे बसलेल्यांनासुद्धा सांगतोय.)

एवढं सोडलं तर पुरुषाला यातलं काहीच जाणवत नाही, ही सगळ्यात फसवी गोष्ट. सायकल चालू असताना इच्छा जोरात असते, ताठरता उत्तम. वीर्यही नेहमीसारखंच दिसतं, कारण त्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेटमधून येतो. नसबंदीनंतरही तो येतोच. म्हणजे मूल न होण्याचं कारण आपल्यात असेल, असं त्याच्या स्वप्नातही येत नाही. मग काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. सूनबाईंची सोनोग्राफी होते, थायरॉइड होतं, नळ्यांची तपासणी होते, देवदेव होतात, सासूचे टोमणे होतात. आणि साधी, स्वस्त वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी, तीही कुरकुरत. मला याचा मनापासून राग येतो. दंड अठरा इंचांचा आहे, पण बाटलीत नमुना द्यायला लाज वाटते!

माझ्या व्यवसायालाही इथे सोडत नाही. शुक्राणू कमी आहेत म्हणून आलेल्या माणसाला ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉनच लिहून देणारे डॉक्टर आजही भेटतात. आगीत तेल ओतणं ते हेच. मूल हवं असलेल्या पुरुषाला हे इंजेक्शन द्यायचं नसतं.

मग बंद केलं की? बाहेरचं संपलं, आतलं अजून जागं झालेलं नाही, अशी मधली पोकळी येते. इच्छा जाते, ताठरता येत नाही, झोप उडते, चिडचिड होते, कमावलेलं अंग उतरायला लागतं. ही अवस्था काही आठवडे, काहींच्या बाबतीत कित्येक महिने राहते. नेमकं इथेच पोरगं घाबरतं, जिममधला कुणीतरी सांगतो, ‘अरे, एक हलकी सायकल मार, सगळं परत येईल.’ येतंही, तेवढ्यापुरतं. म्हणून मी म्हणतो, पहिल्या सुईपेक्षा ही दुसरी सुई जास्त घातक. पहिली हौसेने घेतलेली असते, दुसरी भीतीने. भीतीने घेतलेली सोडवत नाही.

परत येतं का? बहुतेकांचं येतं. गर्भनिरोधक चाचण्यांतल्या पुरुषांचे आकडे 2006 साली एकत्र मांडले गेले. इंजेक्शन थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे 67 टक्क्यांची शुक्राणूसंख्या ठीक पातळीवर आली, वर्षभरात 90 टक्क्यांची, उरलेल्यांची दोन वर्षांपर्यंत. पण ते निरोगी, देखरेखीखालचे, मोजून घेतलेले लोक होते. चार-चार वर्षं तीन-तीन औषधं एकत्र मारणाऱ्याला हा आकडा जसाच्या तसा लागू करू नका.

छातीत गाठ येणं, रक्त घट्ट होणं, हृदयावर ताण, गोळ्यांनी यकृताची हानी, हे सगळं आहेच. त्यावर दुसरे वक्ते बोलतील. एक मात्र सांगून ठेवतो. दम्याच्या पंपातलं किंवा संधिवाताच्या गोळीतलं स्टिरॉइड हे कॉर्टिकोस्टिरॉइड, टेस्टोस्टेरॉनसारख्या अंग कमवायच्या स्टिरॉइडपेक्षा वेगळं कुटुंब. माझं भाषण ऐकून घरी जाऊन आईचा पंप बंद करू नका, गोळी तर अचानक मुळीच थांबवू नका.

एक चिठ्ठी आली आहे, नाव नाही, ते बरंच केलंत. ‘लग्न तीन महिन्यांवर आलंय. दोन वर्षं सुई चालू आहे. आता काय करू?’

दादा, पुढची सुई घेऊ नका. पण एकट्याने झुंजतही बसू नका. एचसीजी, क्लोमिफीन ही नावं जिममध्ये ‘पीसीटी’, म्हणजे सायकलनंतर वृषण पुन्हा जागं करायचे उपचार, म्हणून फिरतात. ती खरी औषधं आहेत, आम्हीही वापरतो, पण रिपोर्ट बघून. काय घेतलं, किती घेतलं, कधीपासून, सगळं डॉक्टरांना सांगा. कुपीचा फोटो असेल तर उत्तम, कारण लेबलवर एक आणि आत भलतंच, असंही असतं. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच तपासा. वीर्यतपासणी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन न करता द्या. शून्य आलं तर खचू नका, एका रिपोर्टवर ठरवत नाहीत. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेव्हा तीन-तीन महिन्यांनी पुन्हा बघत जायचं. लग्नाच्या पहिल्या रात्री जमलं नाही तर त्याला तात्पुरती गोळी आहे, तीही आम्हालाच विचारा. आणि होणाऱ्या बायकोला सांगायचं की नाही, असं चिठ्ठीच्या मागे लिहिलंय. सांगा. लग्नाआधी.