हिंगण्याची वाट

समोर दिसणारी ही साधी झोपडी पुण्याजवळच्या जुन्या हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, जपून ठेवली आहे. १९०० साली ती बांधायला सुमारे ५०० रुपये लागले. धोंडो केशव कर्वे, म्हणजे घरच्यांचे आणि पुढे सगळ्यांचेच अण्णा, तेव्हा ४२ वर्षांचे होते. अजून ६२ वर्षांचे आयुष्य त्यांच्यापुढे होते.

मेट्रोच्या खांबांखालून वाहणारा हा कर्वे रस्ता पाहताना तेव्हाच्या वाटेची कल्पना करणे अवघड आहे. शहरात प्लेगची धास्ती होती, अण्णांनी काढलेला विधवा मुलींचा आश्रम गावाबाहेर हलवायचा होता, आणि रावबहादूर गोखले यांनी दिलेली सहा एकर जागा या माळावर होती. फर्ग्युसन महाविद्यालयात दिवसभर गणित शिकवून झाले, की अण्णा आश्रमाला लागणारे सामान घेऊन संध्याकाळी चालत इथे येत, मुलींना शिकवत, रात्री इथेच झोपत आणि सकाळी पुन्हा पायीच पुणे गाठत. पावसाळ्यात ही वाट म्हणजे निव्वळ चिखल असे.

चालणे त्यांच्या अंगवळणी लहानपणापासूनच पडले होते. त्यांच्या कोकणातल्या गावचा, मुरुडचा, हा किनारा आज शांत दिसतो, परंतु १८७५ च्या पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे परीक्षेसाठी मुंबईला बोटीने जाणे शक्य नव्हते, म्हणून १७ वर्षांचा धोंडू सोबत्यांबरोबर भर पावसात सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून अधिक अंतर तुडवत साताऱ्याला पोहोचला. तिथल्या साहेबांना तो वयाने लहान वाटला आणि वयाचा दाखला हाती असूनही त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आल्या वाटेने परतणे तेवढे राहिले.

आता या छायाचित्रातल्या बायांकडे, म्हणजे अण्णांच्या पत्नी आनंदीबाईंकडे, पाहावे. माहेरच्या गोदूबाई बालपणीच विधवा झाल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांच्याशी अण्णांचा पुनर्विवाह झाला, आणि मुरुडने दोघांवर बहिष्कार घातला. अण्णा हिंगण्याच्या वाटेवर असताना पुण्यातले घर, मुले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता बायाच सांभाळत होत्या. सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी स्वतःच्या कमाईचीही सोय केली होती. अण्णांनी आपली विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे केली, तेव्हा बाया संतापल्या, आणि त्यांचे काय चुकले, असे आम्हांला आजही वाटते. सार्वजनिक कामाचा हिशेब मांडताना ही घरातली वही सहसा कोणी उघडत नाही.

या माळावरून पुढे १९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झाले आणि १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपये दिले. अण्णांच्या चार मुलांपैकी थोरले रघुनाथराव संततिनियमनाच्या प्रचारात पडले आणि समाजाचा रोष त्यांच्याही वाट्याला आला.

हे टपाल तिकीट भिंगाखाली पाहण्यासारखे आहे. किंमत १५ नवे पैसे, तारीख १८ एप्रिल १९५८. त्या दिवशी अण्णांना १०० वर्षे पूर्ण झाली, आणि हयात असताना भारताच्या टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. हा सोहळा पाहायला बाया नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या होत्या. रघुनाथराव १९५३ साली गेले. अण्णांनी ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, देह ठेवला.

कॅमेरा पुन्हा झोपडीच्या दाराशी येतो. शाळा सुटायची वेळ झाली आहे.