आधी उतार, मग लायसन्स

(रस्ता सुरक्षा अभियानात नवशिक्या ट्रकचालकांसमोर झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय ‘हेवी लायसन्सच्या परीक्षेची तयारी’. त्यावर बोलणारच आहे. पण तीस वर्षं मनात घर करून बसलेली एक गोष्ट आधी सांगतो. समोर बरीच पोरं निफाड-लासलगावकडची दिसतायत, आणि ज्याच्या घरी कांदा आहे त्याला कसारा घाट समजावून सांगावा लागत नाही.

१९९४ साली माझं हेवी लायसन्स निघालं. परीक्षा एका सपाट मैदानात. गाडी रिकामी. शंभर पावलं पुढे, तेवढीच मागे, साहेबांनी खालूनच हात केला, ‘उतर.’ झालो पास. आईनं गल्लीत पेढे वाटले. भरलेली गाडी उतारावर कशी धरायची, हे मला कुणी विचारलंच नाही. आणि आठवडाभरात मी वाशीच्या वाटेवर होतो, पाठीशी दहा टन कांदा.

इगतपुरी सोडली की घाटनदेवीचं देऊळ लागतं. आमचे उस्ताद तिथं गाडी थांबवल्याशिवाय कधी घाटात शिरले नाहीत. त्या रात्री ते मागच्या फळीवर झोपले होते. पहाटेच्या आत मार्केट गाठायचं म्हणून मी स्टेअरिंगवरूनच देवीला हात जोडले आणि तसाच पुढे निघालो. चौथा गिअर, पाय ब्रेकवर.

पहिल्या वळणाला ब्रेक छान लागला. दुसऱ्याला जरा जास्त दाबावा लागला. पुढच्या वळणाआधी केबिनमध्ये जळका वास आला. ज्याला तो वास माहीत आहे त्याला आत्ताही इथं आला असेल. ब्रेकच्या लायनरचा वास. लायनर म्हणजे चाकातल्या ड्रमवर घासून गाडी थांबवणारी पट्टी. त्या वासानंच उस्ताद उठले. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, ‘गिअर कितवा?’

‘चौथा.’

‘क्लचला पाय लावू नको. आता गाडी न्यूट्रल झाली तर परत गिअर पडायचा नाही. ब्रेक एकदाच जोरात दाब आणि धर.’

गाडी थरथरली, वेग उतरला. मग त्यांच्या शब्दावर डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, तिसरा, पुन्हा तसंच करून दुसरा. रस्ता रुंद झाला तिथं कडेला घेतली, चाकांना दगड लावले. ड्रममधून धूर निघत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन धावलो तर उस्तादांनी मनगट पकडलं. ‘तापल्या ड्रमवर पाणी घातलंस तर तडकेल. बस इथं.’

दीड तास बसलो. मार्केट चुकलं. त्या दीड तासात उस्तादांनी जे सांगितलं ते मी आजवर प्रत्येक पोराला सांगत आलोय. ‘देवळापाशी थांबायचं ते नुसतं नारळ वाढवायला नाही. तिथं ब्रेकच्या हवेचा काटा बघायचा, टायरला हात लावायचा, आणि गिअर तिथंच ठरवायचा. घाट ज्या गिअरात चढतो, त्याच गिअरात उतरायचा.’

यात माझी एक भर. आताच्या गाड्यांच्या इंजिनात ताकद खूप, त्या घाट वरच्या गिअरातही ओढून नेतात. म्हणून उतरताना त्याहून एक खालचा घ्या.

वास का येतो? भरलेला ट्रक उतारावर जे बळ मिळवतो, ते कुठंतरी जिरवावं लागतं. तुम्ही सारखा ब्रेक धरून ठेवलात तर ते सगळं ड्रम आणि लायनरमध्ये उष्णता होऊन साठतं. तापून ड्रम फुगतो, लायनरपासून दूर जातो, लायनरची पकडही सुटते. पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही. खालच्या गिअरात तेच काम इंजिन करतं आणि ब्रेक थंड राहतो, अडचणीच्या वेळेसाठी. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग उतरवणारा ब्रेक, असेल तर तो पाय भिजायच्या आधी लावा, पूर आल्यावर नाही.

आणि न्यूट्रल! पुण्यात कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्हाला माहीत आहे. तिथल्या अपघातांनंतर हा शब्द किती वेळा ऐकला आपण. डिझेल वाचतं म्हणून पोरं गाडी सोडून देतात. अरे, आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडलात की उतारावर डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचवायला गेलो आणि घालवलंच. त्यातून कुणी इंजिनच बंद केलं, तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, दर ब्रेकला टाकीतली हवा कमी होते, आणि पॉवर स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. उतारावर हे तिन्ही एकदम!

आता माझं खरं दुखणं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला १५ वा नियम परीक्षेत काय बघायचं ते सांगतो, आणि त्यात चक्क लिहिलंय की उमेदवाराला उतारावर झटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे. चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा उचलता आली पाहिजे, हेही आहे. माझी परीक्षा झाली तेव्हा हा नियम होता! मैदानात उतार नव्हता म्हणून मला विचारलं नाही, आणि मला न विचारल्याचा हिशेब कसाऱ्यात मांडला गेला. माझी मागणी एवढीच: प्रत्येक हेवी परीक्षेला एक चढ, एक उतार, आणि गाडीत निम्मं तरी वजन. मातीचा ढिगारा करायला किती खर्च येतो?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. तर तयारी, पटापट.

वय २० पूर्ण हवं, आणि कारचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं. आठवी पासची अट २०१९ साली निघाली, तेव्हा शाळा सुटली म्हणून मागे राहू नका. आधी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालतं. पक्क्यासाठी तीस दिवसांनंतर अर्ज. डॉक्टरांचा दाखला फॉर्म १-ए वर, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ वर. डोळे आधीच तपासून घ्या: २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता यावी, लाल-हिरवा ओळखता यावा. चष्मा लागला तर लावा, त्यात कमीपणा नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात हेवीचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. जमेल त्यानं तो पुरा करा. नुसता दाखला विकत घेऊ नका, घाटात तो दाखवायला कुणी मागत नाही.

परीक्षेच्या दिवशी गाडीत चढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. टायर, नट, दिवे, गळती. मग आरसे, मग हवेचा काटा पुरता चढू द्या. रिव्हर्सला घाई नको. डावीकडचा आरसा सोडू नका, मोटारसायकल तिथंच लपते. दिसेना झालं तर थांबा, उतरून बघा. साहेब रागावले तरी चालेल.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. मिळालेलं लायसन्स पाच वर्षं चालतं. टँकरमधून धोकादायक माल न्यायचा असेल तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आहे, ते टाळू नका.

मघाशी एकानं पिकअपचं विचारलं. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय: एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर कारचं लायसन्स पुरतं. पण भरलेलं पिकअपही घाटात तसंच तापतं रे.

बाहेर मैदानात दहा टनी उभी आहे, आज वाळू भरून आणलीय. पलीकडे कॅनॉलचा उतार आहे. चाकांना दगड मी लावलेत. ज्याची पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे त्यानं आधी माझ्याबरोबर यावं. बाकीच्यांनी चहा घ्या, मग एकेक जण या.